आर्डराच्या मिनीबसची बुधवारची फेरी

मित्रांनो, मी एक जुनी मिनीबस आहे. रंगाने हिरवी, बारा माणसांची आणि एका दिव्याने किंचित तिरळी. आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आर्डरा गावात मॅलाकी बॉनरच्या अंगणात मी कोरी करकरीत आले, त्याला आता एकवीस वर्षं झाली.

मॅलाकी उन्हाळ्यात लोकांना दिवसभर किनारा फिरवून आणायचा. सकाळी नऊला आम्ही निघत असू. ग्लेनगेशचा घाट चढताना मला धाप लागायची, पण माथ्यावर पोहोचलं की खाली ओली हिरवी दरी पसरलेली दिसायची आणि सगळे खिडक्यांना चिकटायचे. पाठीवर निळे-लाल पट्टे मारलेल्या मेंढ्या भर रस्त्यात बसलेल्या असत. मॅलाकी हॉर्न वाजवत नसे. खाली उतरून तो त्यांना म्हणे, "बायांनो, जरा सरकून घ्या." परतल्यावर कोणी ना कोणी माझ्या दारावर थाप मारून म्हणायचं, "गुणाची आहे हो गाडी." त्या शब्दांवर मी हिवाळा काढत असे.

मग मॅलाकीने नवी पांढरी बस घेतली आणि मला घरामागे उभं केलं. दोन वर्षं मी तिथेच होते. टायर बसले. एका कोंबडीने मागच्या सीटवर संसार थाटला. वादळात डावा आरसा फुटला, तो कोणी बदलला नाही. भंगारवाला दोनदा येऊन मला न्याहाळून गेला होता. मला राग नव्हता, मित्रांनो. फक्त नवी बस फाटकातून बाहेर पडताना ऐकू आली की जीव कासावीस व्हायचा.

जूनमधल्या एका बुधवारी त्या नव्या बसचा गिअर अडकला. माणसं दारात येऊन उभी होती. मॅलाकीने कोंबडीला उचललं, टायरमध्ये हवा भरली, बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला मी सुरू झाले.

"आजचा दिवस सांभाळून घे, म्हातारे," तो हळूच म्हणाला.

त्या दिवशीच्या माणसांत अट्रॅक्टा आणि डिम्फ्ना या सख्ख्या बहिणी होत्या. दोघींनी सत्तरी ओलांडलेली. नऊ वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत डिम्फ्ना पावाच्या स्पर्धेची परीक्षक होती आणि तिने अट्रॅक्टाच्या पावाला दुसरा नंबर दिला होता. तेव्हापासून अबोला. दुसरीही येणार आहे हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. मागे बसलं की दोघींनाही मळमळायचं, म्हणून दोघी मॅलाकीच्या मागच्या पहिल्याच ओळीत बसल्या. अट्रॅक्टा डाव्या खिडकीशी, डिम्फ्ना उजव्या.

"मॅलाकी, तिला सांग, खिडकी लाव म्हणावं. वारा येतोय," अट्रॅक्टा म्हणाली.

"मॅलाकी, तिला सांग, वारा नको तर घरी बसायचं होतं."

मॅलाकीने नजर रस्त्यावरच ठेवली.

ग्लेनकोलमकिल गावाच्या पुढे रस्ता फारच अरुंद होतो. उजवीकडे दगडी कुंपण, डावीकडे उतार आणि खाली समुद्र. तिथे समोरून एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत जळणासाठी दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा डोंगर. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं. जायचं होतं ते मला, आणि माझा डावा आरसा जागेवर नव्हता.

मॅलाकीने सगळ्यांना उतरायला सांगितलं. बाकीचे उतरले, बहिणी मात्र हलल्या नाहीत.

"तुला दिसत नाहीये ना? मी डावीकडे बघते," अट्रॅक्टा म्हणाली.

"आणि भिंत कोण बघणार?" डिम्फ्नाने खिडकीबाहेर डोकं काढलं.

मी मागे सरकू लागले. दोघी एकदमच बोलू लागल्या. थांब, चल, डावीकडे, नको नको. माझं मागचं चाक कडेच्या गवतावर चढलं आणि मला खालच्या लाटा स्पष्ट ऐकू आल्या.

मॅलाकीने ब्रेक दाबला. "बायांनो, आधी आपसात ठरवा. मग एकीनेच मला सांगा," तो म्हणाला.

डिम्फ्नाने डोकं आत घेतलं.

"तुझ्याकडे किती जागा आहे, अट्रॅक्टा?" डिम्फ्नाने विचारलं.

"वीतभरही नाही. तुझ्याकडे?"

"हातभर आहे. मॅलाकी, माझ्या बाजूला घे. हळू."

असे आम्ही दोनशे पावलं मागे गेलो. एका शेताच्या फाटकापाशी जागा मिळाली आणि ट्रॅक्टरवाला टोपी उंचावून पुढे निघून गेला.

मॅलिन बेगच्या किनाऱ्याशी पोहोचल्यावर सगळे पायऱ्या उतरून वाळूवर गेले. बहिणींच्या गुडघ्यांना त्या झेपणाऱ्या नव्हत्या. माझ्या उघड्या दारात बसून अट्रॅक्टाने फडक्यातला पाव सोडला, त्यावर लोणी थापलं आणि एक तुकडा पुढे केला. डिम्फ्नाने तो सावकाश चावला.

"आतून अजून ओलसर राहतोय," ती म्हणाली.

"तू काही सुधारायची नाहीस," अट्रॅक्टा म्हणाली आणि तिने दुसरा तुकडा कापला. मग दोघी हसू लागल्या, त्या सगळे वर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मॅलाकीने भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. आता बुधवारची फेरी माझी असते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी सायकल असेल, शिवणयंत्र असेल. त्यांना तेल द्या, मोडलेलं वेळेवर बदला, आणि मग कामाला लावा. झाकून शोभेला ठेवू नका. मला तरी चढ हवा, माणसं हवीत आणि दिवस संपल्यावर अंगावरचं समुद्राचं मीठ पुसणारा एक हात हवा. एवढं मिळालं की आमच्यासारख्यांचं वय कोण मोजतंय?