गढूळ पाणी आणि नळाजवळचा बत्ता

मी एक जुना, मुठीत मावणारा पाण्याचा फिल्टर आहे. माझ्या निळ्या अंगावर एक तपकिरी डाग आहे, तो गंजाचा नाही. तो रक्ताचा आहे, आणि ते रक्त कुणाचं हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही. तेव्हा मित्रांनो, जरा दम धरून ऐका. दम धरणं हेच तर माझं सगळं शास्त्र आहे.

माझ्या पोटात केसांसारख्या पोकळ नळ्यांचा एक जुडगा आहे. त्या नळ्यांच्या भिंतींना इतकी बारीक छिद्रं आहेत की पाणी पार होतं आणि रोगजंतू अडकतात. कारखान्यातून मी पहाडगंजच्या एका दुकानात आलो. तिथे तंबू, दोर आणि पाठपिशव्यांच्या गर्दीत मी वर्षभर टांगून होतो. एके दिवशी राजवर्धन आणि त्याची धाकटी बहीण शिवांजली दुकानात शिरले. दोघं दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमधली. वडील हिंमतराव सैन्यात हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे.

राजवर्धनला अरवली डोंगरात वजन घेऊन चालायचा सराव करायचा होता. सैन्याच्या भरतीत तो दोनदा नापास झाला होता, आणि घरी त्याचा हिशेब पट्ट्याने झाला होता. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या. औषधाच्या गोळ्या, ज्या जंतू मारतात पण माती तशीच ठेवतात. चिनीमातीचा फिल्टर, जो जड असतो पण चोंदला की घासून साफ होतो. आणि मी.

"सबसे हल्का और सबसे तेज कौन सा?" राजवर्धनने विचारलं.

"ये. लेकिन मिट्टी वाला पानी पहले बैठने दो, फिर छानो. और ये पिचकारी मत खोना, जाम हो जाए तो साफ पानी उल्टा मारना. फॅक्टरी के नाले का पानी तो छूना भी मत."

राजवर्धनने पहिलं वाक्य ऐकलं आणि मला खिशात घातलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पिचकारी शिवांजलीने उचलली.

आता त्यांच्या घरातल्या नळाची गोष्ट सांगायला हवी. क्वार्टरमधला तो नळ सकाळी नुसता फुसफुसायचा. मग हिंमतराव खलबत्त्यातला बत्ता घेऊन पाइपवर दोन ठोके हाणायचे, की पाणी यायचं. अकरा वर्षं तो लोखंडी बत्ता नळाजवळच पडलेला होता. बिचाऱ्या द्वारकाबाई वेलदोडे कुटायला वाटीचं बूड वापरायच्या. "ठोकल्याशिवाय काही चालत नाही," हे हिंमतरावांचं आवडतं वाक्य. ते नळाला लागू होतं तसं मुलांनाही.

ऑगस्टच्या एका उकाड्याच्या दिवशी बहीणभाऊ गुरुग्रामपलीकडच्या टेकड्यांत गेले. राजवर्धनच्या पाठीवर वीस किलो वजन होतं. शिवांजलीला आईने सोबत धाडलं होतं आणि तिच्या पिशवीत मीठसाखरेची पुडी आणि तुरटीचा खडा कोंबला होता. दुपारपर्यंत एका बाटलीच्या तळाशी दोन पेले पाणी उरलं. सडक दोन तास दूर होती आणि फोनला रेंज नव्हती. राजवर्धनला दोन उलट्या झाल्या आणि त्याचा घाम आटला. ऊन लागलेल्या माणसाचा घाम आटला की जीव धोक्यात असतो, हे शिवांजलीला ठाऊक होतं.

खडकाच्या खोलगटात पावसाचं लालभडक पाणी साचलं होतं.

"दादा, आधी बसू दे ते. वर निवळ येईल मग भरू."

"टाइम नाहीये यार!" त्याने माझ्यासोबत आलेली पाण्याची प्लास्टिक पिशवी भरली, मला तिच्या तोंडाला पिळून बसवलं आणि दाबलं.

मित्रांनो, चिखल माझ्यावर कसा चालून आला ते काय सांगू! पहिल्या दाबात दोन घोट गेले. दुसऱ्या दाबात मातीने माझी छिद्रं लिंपून टाकली. मी गुदमरलो. त्याने पिशवी गुडघ्याखाली घेतली आणि अंगाचा सगळा भार टाकला. जितका जोर, तितकी माती आणखी आत. शेवटी पिशवी टरकन फाटली आणि त्याचं तोंड चिखलाने माखलं. तो ओरडला, मला उचललं आणि समोरच्या दगडावर आपटायला हात वर नेला. घरच्या नळाने त्याला हेच शिकवलं होतं.

शिवांजलीने त्याचं मनगट धरलं आणि मला हिसकावून घेतलं. त्याने तिला ढकललं. ती कपाळावर पडली, दगडाच्या कडेवर. मी तिच्या मुठीत होतो, आणि ते रक्त माझ्या अंगावर ओघळलं.

ती रडली नाही. एक डोळा रक्ताने भरला होता, तरी तिने ती शेवटची बाटली उघडली, पिचकारीत पाणी ओढलं आणि माझ्या उलट्या तोंडातून जोराने मारलं. लाल चिकट गाळ बाहेर पडला. पुन्हा मारलं. जोर लागतोच मित्रांनो, मी खोटं कशाला बोलू? पण तो बरोबर बाजूने लागतो.

"शिवू, पागल झालीस? प्यायचं पाणी सांडतेस?" राजवर्धन सरपटत आला. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी लाथ उचलली, पण त्याचा तोल गेला आणि तो तिथेच आडवा झाला.

बाटलीत एक पेला उरला होता. तो त्याला पाजावा की माझ्यात घालावा? अर्धा पेला तिने त्याच्या ओठांना लावला. उरलेला अर्धा माझ्यातून उलटा मारला, आणि आता आपल्याकडे काहीच नाही हे तिला कळलं. तेव्हा मात्र ती रडली.

मग तिने गढूळ पाण्यात तुरटी फिरवली आणि अर्धा तास बसून राहिली. भाऊ बरळत होता, तिच्या कपाळावर माश्या बसत होत्या, तरी तिने पाण्याला हात लावला नाही. गाळ खाली बसल्यावर वरची निवळ ओढणीतून साध्या बाटलीत गाळली आणि बाटलीच्या तोंडावर मला बसवलं. माझ्यातून पाणी आलं ते थेंब थेंब. सावकाश, पण स्वच्छ. त्यात मीठसाखर घालून तिने ते घोटाघोटाने पाजलं आणि ओल्या ओढणीने त्याचं अंग पुसत राहिली. दिवस कलायच्या आत दोघं एकमेकांच्या आधाराने सडकेला लागली. मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

कपाळाला पाच टाके पडले. घरी हिंमतरावांनी विचारलं, "कोणी केलं?" राजवर्धन म्हणाला, "मी, पप्पा." तो सावधान उभा राहिला, नेहमीसारखा. हिंमतरावांना पट्टा सापडेना, म्हणून टेबलावरून त्यांनी मला उचललं आणि फेकलं. मी राजवर्धनचा कान फाडून भिंतीवर आदळलो. माझ्या पोटात काहीतरी कडकन तुटलं. बाहेरून मला साधा ओरखडाही नव्हता.

दोन दिवसांनी पावसामुळे नळाला गढूळ पाणी आलं. हिंमतरावांनी ते बाटलीत भरलं, मला लावलं आणि दाबलं. पाणी धो धो आलं.

"बघ!" ते खुशीत म्हणाले. "तुम्ही म्हणत होता थेंब थेंब येतं. एक फटका बसला आणि कसा सरळ झाला!" आणि त्यांनी पेला राजवर्धनपुढे धरला. कानाला पट्टी बांधलेल्या राजवर्धनने सावधान उभं राहूनच तो घेतला आणि ओठांशी नेला.

मला ओरडायचं होतं, पण मला तोंड असलं तरी आवाज नाही.

"पिऊ नको, दादा." शिवांजलीने पेला धरला. "पप्पा, तो सरळ नाही झाला. तो आतून फुटलाय. पाणी न गाळताच येतंय, म्हणूनच एवढं जोरात."

हिंमतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावधान उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं, आणि हातातली बाटली खाली ठेवली. द्वारकाबाईंनी पेला घेऊन मोरीत ओतला. नळाजवळचा बत्ता उचलला, धुतला, आणि अकरा वर्षांनी खलबत्त्यात नेऊन ठेवला. त्यांना कोणी अडवलं नाही.

आता मी खिडकीत बसून असतो. मित्रांनो, मला टाकून द्या, त्याचं दुःख नाही. पण मार खाल्ल्यावर जो निमूट, भराभर काम करू लागतो, तो सुधारला असं समजू नका. त्याला एकदा जवळ घेऊन बघा, आत काय तुटलंय ते.