चादर धुणाऱ्या बहिणी

पेपरात धाकटीचा फोटो आला, तेव्हा थोरली रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होती. इस्त्रीवर काम करणारी तिची मैत्रीण पेपर नाचवत आली आणि म्हणाली, "अगं, ही तुझी छकुली ना? बघ तरी काय करतेय!"

छकुली म्हणजे धाकटी. वय एकोणचाळीस, पण घरात अजून छकुलीच. फोटोत ती एका मोठ्या काचेमागे, पत्र्याच्या टबाशी उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत पाण्यात, केस विस्कटलेले. टबातून वाफ येत होती. खाली बातमी होती. या कलाकार सात दिवस, रोज सकाळी दहा ते पाच, एकच रक्ताळलेली चादर लोकांसमोर धुणार आहेत. याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. एड्सनं गेलेल्या आपल्या भावाची आठवण म्हणून, आणि या आजाराबद्दल लोकांनी तोंड उघडावं म्हणून.

"एक चादर? सात दिवस?" इस्त्रीवाली खदखदून हसली. "आपण रोज चारशे धुतो. आपला कुणी फोटो काढला का गं?"

सगळी लाँड्री हसली. थोरलीही हसली, पण तिच्या हातातली घडी तीनदा चुकली. दुपारचा डबा तिनं उघडलाच नाही. छातीत काहीतरी करपत होतं, आणि त्याचा वास फक्त तिलाच येत होता.

हे समजायचं तर मधल्याबद्दल सांगायला हवं. दोघी बहिणींच्या मध्ये एक भाऊ होता. तो न्हावी होता. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायचं. बारा वर्षांपूर्वी तो आजारी पडला. आजाराचं नाव फुटलं आणि महिन्याभरात दुकानातल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. आईवडील आधीच गेलेले, लग्न झालेलं नाही, म्हणून थोरलीनं त्याला आपल्या घरी आणलं. औषधं मिळायला लागली तेव्हा फार उशीर झाला होता. अकरा महिने तिनं त्याचं सगळं केलं. चाळीतल्या बायकांनी सामायिक नळावर त्याचे कपडे धुवायला मनाई केली, तेव्हा ती मोरीत दार लावून धुवायची. लाँड्रीत आठ तास चादरी, घरी येऊन पुन्हा चादरी.

छकुली तेव्हा दूरच्या शहरात चित्रकला शिकत होती. त्या अकरा महिन्यांत ती दोनदा आली. दुसऱ्यांदा आली ती तो गेल्यावरच.

आणि आता फोटो तिचा!

थोरलीनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं, दात दुखतोय. बस बदलून ती त्या जागी पोचली. एक बंद पडलेला छापखाना होता. तळमजल्याची भिंत काढून तिथे काच बसवली होती. आत तीसेक माणसं जमिनीवर बसली होती, देवळात बसावं तशी गप्प. टबासमोर एक स्टूल होतं. ज्याला वाटेल त्यानं त्यावर बसायचं, या आजारानं गेलेल्या आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि उठायचं. छकुलीनं काही बोलायचं नाही, नुसतं धुवत राहायचं. हा त्या प्रयोगाचा नियम.

थोरली मागे खांबाला टेकून उभी राहिली. पहिल्यांदा तिनं पाहिले ते बहिणीचे हात. लाल झालेले, पण मऊ. नखं नीट कापलेली. आपले हात तिनं पदराखाली घेतले.

मग तिनं भिंतीवरची अक्षरं वाचली. 'माझा भाऊ एड्सनं गेला. त्याच्या चादरी धुवायला कुणी पुढे आलं नाही.'

तिनं ते पुन्हा वाचलं. कुणी पुढे आलं नाही. मग मी कोण? मोरीतला दगड?

तेवढ्यात कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उठून स्टुलावर बसले. त्यांनी बायकोचं नाव घेतलं. मग म्हणाले, "मलाही तोच आजार आहे. वीस वर्षं गोळ्या घेतोय, जिवंत आहे. आमच्या संस्थेत अजून साठ जण आहेत. पण हे असं चारचौघांत आज पहिल्यांदा बोललो." बाजूच्या दोन बायका रडायला लागल्या. छकुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेनं म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत तिच्यासमोर असं कुणी बसलं नव्हतं. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि ही, जिनं मधल्याचं एक फडकंही पिळलं नव्हतं, तिच्यापुढे लोक मन रिकामं करत होते. जळणं म्हणजे काय ते थोरलीला त्या खांबापाशी नीट कळलं. आणि इतकं असूनही तिचा पाय तिथून निघेना. ती पाचपर्यंत उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही गेली. दाताचं दुखणं लांबलं.

चौथ्या दिवशी तिला राहवेना. त्याला कारण घडलं ते पाणी. खाटकाकडून आणलेलं रक्त छकुली रोज सकाळी चादरीवर ओतायची आणि वर उकळतं पाणी घालायची. काचेमागे वाफ छान दिसायची. डाग मात्र जाण्याऐवजी तपकिरी होऊन बसायचा. सव्वीस वर्षं लाँड्रीत काढलेल्या बाईला हे बघवणं शक्यच नव्हतं. ती तरातरा पुढे गेली आणि स्टुलावर बसली.

छकुलीनं मान वर केली. तिचे हात थांबले.

सगळे नावाची वाट बघत होते. थोरली म्हणाली, "रक्ताला गरम पाणी लावत नसतात. डाग पक्का बसतो."

कुणीतरी खुसखुसलं. छकुलीनं डोळ्यांनी खूण केली, ताई, नको. पण ताईनं पदर खोचला होता. तिनं टब कलंडवला, कोपऱ्यातल्या नळाचं गार पाणी भरलं, चादर बुडवली, पिशवीतून आणलेली लाँड्रीतली डागांची पूड आणि साबण लावला आणि डागाच्या कडेपासून आत असं चोळायला घेतलं. पाणी बदललं. पुन्हा चोळलं. आज सकाळचं रक्त तर गेलंच, आधीचे तपकिरी डागही फिकट होत होत दिसेनासे झाले. अर्ध्या तासात तिनं चादर पिळून झटकली आणि दोन हातांत धरून उभी राहिली. पांढरी स्वच्छ.

लोकांना वाटलं, हा प्रयोगाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्या थोरलीला आवडल्या. इतक्या आवडल्या की तिला स्वतःची लाज वाटली.

छकुली उठून मागच्या खोलीत गेली. थोरली तिच्या मागोमाग.

"सात दिवसांचं काम होतं माझं!" छकुली दातओठ खात म्हणाली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती कुजबुजत भांडत होती. "तो डाग जायचाच नव्हता, कळलं? म्हणून तर सात दिवस! तू अर्ध्या तासात सगळं धुऊन टाकलंस."

"मग? माझं कामच आहे ते. तुझ्यासारखं नाटक करायला मला वेळ नाही."

"तीन दिवस त्या खांबाला टेकून उभी होतीस, तेव्हा बरा वेळ होता."

थोरलीला वाटलं होतं, आपण कुणाला दिसलो नाही. ती आणखीच भडकली. "भिंतीवर काय लिहिलंयस? कुणी पुढे आलं नाही? मी कोण गं? अकरा महिने मी काय झोपा काढल्या?"

"ताई, तूच सांगितलंस ना!"

"मी?"

"मागच्या वर्षी फोनवर विचारलं होतं तुला. मधल्यावर काम करतेय म्हणाले. तू म्हणालीस, काय करायचं ते कर, पण माझं नाव कुठे यायला नको. माझं सासर आहे, माझी नोकरी आहे. तू अजूनही लोकांना कावीळ सांगतेस, ताई. बारा वर्षं कावीळ. मी कुठल्या तोंडानं तुझं नाव लिहू?"

थोरली तिथल्या खोक्यावर बसली. ते खरं होतं. चाळीत आजाराचं नाव फुटल्यावर ती घर बदलून लांब राहायला आली होती, आणि नव्या शेजाऱ्यांना, लाँड्रीत, सासरी, सगळीकडे तिनं कावीळच सांगितली होती. इतक्यांदा, की तो फोनही ती विसरून गेली होती.

छकुली भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "तुला वाटतं मी आलेच नाही. पहिल्यांदा आले होते तेव्हाचं आठवतं? तू कामावर जायचीस, मी त्याच्यापाशी बसायचे. मी पाणी पुढे केलं की तो तोंड फिरवायचा. म्हणायचा, ताई आली की घेईन. चादर बदलते म्हटलं की, ताईला येऊ दे. तीन दिवस मी पेला हातात धरून बसले. तू आलीस की गटागटा प्यायचा. मला इतका राग यायचा तुझा... मग मी आलेच नाही. मला कधी त्याची चादर धुवायला मिळाली नाही, ताई. म्हणून धुतेय."

ऐकून थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी पोटात गारेगार वाटलं. त्याला मीच लागायचे. हे तिला ठाऊक होतं, पण कुणीतरी जळून सांगितल्यावर त्याची गोडी वेगळीच होती. मग तिनं बहिणीच्या हातांकडे पाहिलं. कढत पाण्यानं बोटांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"खोबरेल लाव," ती म्हणाली. "नाहीतर उद्या हातात काही धरवणार नाही."

"स्टुलावर बसलीस," छकुली म्हणाली, "पण नाव नाही घेतलंस."

थोरली उठली. बाहेर लोक अजून बसून होते. ती स्टुलावर बसली आणि तिनं मधल्याचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. "माझा भाऊ," ती म्हणाली. "एड्सनं गेला. कावीळ नव्हती. त्याच्या चादरी मी धुतल्या." आवाज फाटला होता. कानटोपीवाले काका सरकले आणि त्यांनी शेजारी जागा करून दिली. ती तिथे मांडी घालून बसली. छाती अशी मोकळी झाली होती की तिला एकदम भूक लागली.

त्या संध्याकाळी आपण रोज कुठे जात होतो ते तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. दातही दुखत नव्हता, तेही माहीत होतं."

सोमवारी ती कामावर गेली आणि रोजचीच एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली. या आजाराच्या रुग्णांच्या चादरींना कोपऱ्यात लाल दोरा शिवलेला असायचा. धुताना सगळ्या एकाच यंत्रात, एकाच उष्णतेत, एकाच औषधात जायच्या. दोऱ्याचा उपयोग इतकाच की खाटेवर चादर पडली की सगळ्या वॉर्डाला कळायचं, हा कोण. तिनं सुपरवायझरला विचारलं. "पूर्वीपासून आहे," तो म्हणाला. "नियम."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरलीनं एक स्टूल उचललं आणि अधीक्षकांच्या दारासमोर व्हरांड्यात जाऊन बसली. मांडीवर लाल दोऱ्याची धुतलेली चादर. पायाशी पुठ्ठा, 'माझा भाऊ एड्सनं गेला. दोरा कशाला?' एवढंच. बोलायचं नाही, हे ती बहिणीकडून शिकली होती. अर्धा तास बसायची आणि कामाला जायची. पहिल्या दिवशी लोक वळसा घालून गेले. लाँड्रीतल्या दोघींनी तिच्याशेजारी डबा खाणं सोडलं. चौथ्या दिवशी इस्त्रीवाली आली, फतकल मारून बसली आणि म्हणाली, "पाय दुखतायत म्हणून बसलेय, कळलं?" सातव्या दिवशी कानटोपीवाले काका संस्थेतल्या नऊ जणांना घेऊन आले.

आठव्या दिवशी अधीक्षक बाहेर आले. "बाई, तुमची मागणी काय आहे?"

"दोरा काढा, साहेब. चादर चादरीसारखी असू द्या."

त्यांनी तिच्या मांडीवरची चादर उचलून पाहिली, दोरा बोटानं चाचपला. "हे कुणी सुरू केलं?" त्यांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. आठवड्याभरात लेखी आदेश निघाला.

पेपरात चार ओळी आल्या. 'प्रसिद्ध कलाकाराच्या भगिनीचं आंदोलन.' भगिनी! थोरलीनं पेपर चुरगाळला, पुन्हा सरळ केला, आणि कपाटात ठेवला.

रविवारी छकुली घरी आली. आदेशाचा कागद तिनं दोनदा वाचला. थोरली समोर बसून मटार सोलत होती.

"माझ्या कामानं लोक रडले," छकुली सावकाश म्हणाली, "पण तुझ्यानं दोरा निघाला." तिनं कागद टेबलावर ठेवला, जरा जोरातच. "मला आधी सांगितलं असतंस तर मीही येऊन बसले असते."

तो आवाज थोरलीला चांगला ओळखीचा होता. बरेच दिवस तो तिच्याच छातीत राहिला होता.

"अजून पुष्कळ रुग्णालयं आहेत," ती म्हणाली, आणि अर्धे मटार बहिणीपुढे सरकवले. "आधी हे सोल."