ताईंचं भिंग

ओळखलंत का मला? दवाखान्यातल्या कपाटात पिवळी पडत गेलेली डॉक्टरांची पत्रिका, तीच मी बोलतेय. दर तीन महिन्यांनी निघायचे. एकतीस वर्षं कागदावर काढली, आता पडद्यावर राहायला आलेय.

माझ्यावर खरी माया कुणाची, तर मुद्रितं तपासणाऱ्या ताईंची. लेख डॉक्टर लिहीत, पण ताईंचं भिंग फिरल्याशिवाय माझं एक पान छापखान्यात जात नसे. एकदाच त्या आजारी पडल्या आणि नेमका छातीचा एक्स-रे उलटा छापला गेला. रुग्णाचं हृदय उजवीकडे! एका डॉक्टरांनी तर पत्र धाडलं, "असा दुर्मीळ रुग्ण मला दाखवाच." पुढच्या अंकात दुरुस्ती छापेपर्यंत तीन महिने मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

यंदा संपादकांनी ठरवलं, छपाई बंद, सगळं ऑनलाइन. मी हरखले. ताईंचा चेहरा मात्र उतरला.

"आता चुका कम्प्युटरच शोधणार. माझं काम संपलं की हो," माझ्या शेवटच्या छापील अंकावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. मला भरून आलं.

पहिला ऑनलाइन अंक निघाला त्या सकाळी सगळे कम्प्युटरभोवती जमले. संपादकांनी ताईंना निरोप द्यायला गुच्छही आणला होता. बटण दाबलं, टाळ्या पडल्या. ताईंनी सवयीने पिशवीतून भिंग काढलं आणि थेट पडद्याला लावलं. सगळे खो-खो हसले.

"हसा, हसा. पण या माणसाचं हृदय पुन्हा उजवीकडे गेलंय!"

एक्स-रे खरंच उलटा होता. कम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलीने दोन मिनिटांत तो सुलटा केला. दोन मिनिटांत! मला तर नाचावंसं वाटलं.

संपादकांनी कान पकडले. "ताई, तुम्ही कुठेही जायचं नाही. यापुढे तुम्ही हो म्हटल्याशिवाय हे बटण कुणी दाबणार नाही."

आता मी कुठल्याही दवाखान्यात क्षणात पोचते. मला जरूर उघडा, बिनधास्त वाचा. आणि कधी संपादकांच्या खोलीत आलात, तर कम्प्युटरला चिकटवलेलं गुच्छावरचं कार्ड बघा. त्यावर छापलंय, 'निवृत्तीच्या शुभेच्छा'. पहिल्या शब्दावर ताईंनी लाल पेनाने काट मारलीये. शुभेच्छा तेवढ्या ठेवून घेतल्यात.