पाचव्या दिवसाची पिशवी

सुचेताने दाराशी चपला काढल्या, पांढरा कोट चढवला, शीतकपाटाचे तापमान पाहिले आणि रोजच्यासारखी ती प्लेटलेटच्या पिशव्या हलत्या ठेवणाऱ्या यंत्राकडे वळली. यंत्र थांबले होते. भाईंदर पश्चिमेची वीज कालपासून गेलेली, रक्तपेढीच्या जनरेटरनेही दगा दिलेला. शेजारी स्टुलावर आयाबाई विमलाबाई बसल्या होत्या. मांडीवर साठ्यातली उरलेली एकच पिशवी होती, पाचव्या म्हणजे वापराच्या शेवटच्या दिवसाची, आणि त्यांचे हात तिला अजून झुलवत होते.

“एकदा पण थांबले नाय, ताई. घामाचा हात लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीय, घट्ट.”

सुचेताचा चेहरा उतरला. पिशवीच्या पातळ आवरणातूनच पेशींना हवा मिळते. ती हवा तुटली की पेशी साखर जाळून आम्ल करू लागतात. काही काळ प्रत्येक पेशी आतले आम्ल बाहेर लोटून स्वतःला सावरते. पण भोवतालचा द्रवच आंबट झाला की लोटायला जागा उरत नाही. तिने वेष्टन सोडवले, पिशवी खिडकीच्या उजेडात धरून हलकेच दाबली. जिवंत पेशींत रेशमासारखी लकेर फिरते. इथे नुसते निस्तेज पिवळे पाणी होते. थेंबभर काढून तपासले. आम्ल मोजणाऱ्या पट्टीच्या रंगानेही तेच सांगितले.

बाहेर बाकावर चेणे गावचा आत्माराम ताटकळत होता. त्याची पाच वर्षांची संजना डेंगीने जवळच्या इस्पितळात होती; हिरड्यांतून रक्त येत होते. सुचेताने ठाण्याच्या रक्तपेढीला फोन केला. पिशवी होती, पण इथे पोहोचेपर्यंत दुपार उलटणार होती, आणि तोवरचे काही सांगता येत नाही, असे इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते.

तिने आत्मारामला आत बोलावून सारे सांगितले. तो पिशवीकडे पाहत राहिला.

“हाय ती द्या ना, ताई. रिकाम्या हातानं तिच्या आईसमोर कसा जाऊ?”

“ही दिली तर तुमच्या मनाला बरं वाटेल, दादा. तिला उपयोग नाही. झाला तर अपायच.”

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. “माझं काय चुकलं का, ताई?”

दोष विजेवर ढकलणे सोपे होते.

“पिशवीला हवा लागते, मावशी. प्लास्टिकमध्ये ती कोंडली. मी तुम्हाला हे कधी सांगितलंच नव्हतं.”

सुचेताने पिशवी टाकाऊ रक्ताच्या डब्यात ठेवली आणि झाकण बंद केले. मग कोट काढून खुंटीला लावला, नवी पिशवी आणायला रिकामी पेटी उचलली आणि आत्मारामसोबत ठाण्याच्या रिक्षात बसली.