सोमवारचा आकडा

तलावाच्या मध्यभागी तरंगणाऱ्या बोयातील संवेदक पाण्यातले नीलहरित शैवाल मोजतो. फेब्रुवारीपासून सलग अकरा आठवडे त्याचा आकडा मंगळवारपासून चढत गेला आणि सोमवारी सकाळी सातच्या सुमारास एकदम तळाला आला.

"सोमवारी शैवाल उपास धरतं, समिधाताई," नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात हे आकडे पाहणारा भावेश म्हणाला.

मी हसले नाही. दर शनिवारी मी स्वतः बाटलीत भरून आणलेल्या पाण्यात शैवाल अत्यल्प निघे. संवेदक त्याच दिवशी चौपट दाखवी. अशा यंत्राने विषारी शैवालाचा इशारा दिला, तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? महिनाअखेरपर्यंत कारण न सापडल्यास तलावावरचे हे मोजणी केंद्र बंद, असे वरून पत्र आले.

केंद्र बंद म्हणजे केंद्रासाठी चालणारी दामाजी कोळ्यांची होडीही बंद. तलावातली मासेमारी थांबल्यापासून पाण्यावर जायला त्यांच्याकडे तेवढेच निमित्त उरले होते. मला बोयापर्यंत नेताना ते मधली फळी रिकामी ठेवत. पहिल्या दिवशी मी तिथे बसू लागले, तेव्हा म्हणाले, "तिथं नको गो बाय. ती दगडाबायची जागा." दगडाबाई, त्यांची पत्नी, जाऊन दोन वर्षे झाली होती.

पत्राचे त्यांना सांगितले, तेव्हा वल्हे थांबले.

"म्हंजे आता मी काठावरूनच बघायचा?"

पुढच्या सोमवारी मी सहालाच घाटावर जाऊन बसले. साडेसहाला दामाजी एकटेच होडी घेऊन निघाले. बोया त्यांनी वर ओढला, मधल्या फळीवर ठेवला आणि नारळाच्या काथ्याने घासू लागले.

परतल्यावर मला पाहून ते गोंधळले.

"सोमवारी आमी जाळं टाकीत नसू. ती जाळ्याचे बोये घासाला बसं. शेवाळ धरलेला बोया तिला बघवत नसं. आता जाळं नाय, ती नाय. तुजा एकच बोया हाय. चुकला का काय माजा?"

"चुकलं नाही, काका. पण सांगायचं होतंत."

"हापिसची मानसं तुमी. हसला असता."

दुपारी अहवाल लिहिला. शिफारस आधी: केंद्र सुरू ठेवावे, बोया रोज घासावा, होडी दामाजींचीच असावी. मग कारण: संवेदकाच्या भिंगावर शेवाळाचा थर साचतो आणि यंत्र तोच मोजते, म्हणून आकडा चढतो. सोमवारी दामाजी तो थर घासून काढतात, म्हणून उतरतो. आठवड्यातला खरा आकडा सोमवारचा.