भाचीचा हुकूम

ओफा विद्यापीठात कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य या विषयात एम.एस्सी. करत होती. प्रात्यक्षिकासाठी तिला नेमकं आमच्याच कारखान्यात पाठवलं. पश्चिम सिडनीत आम्ही स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापायचो, बरेचसे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेले. मुकादम होता तेविता, ओफाचा सख्खा मामा.

"आली बाईसाहेब!" तो पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला. "आता श्वास कसा घ्यायचा ते शिकवणार आपल्याला."

आम्ही हसलो. ती मुकाट्यानं एकेकाच्या कॉलरला धूळ मोजायचा छोटा पंप लावत गेली. दगड कापताना धूळ उडू नये म्हणून पाणी सोडायचं असतं, पण त्यानं काम रेंगाळतं म्हणून तेविता नळ बंदच ठेवायचा. पिठाच्या गिरणीत काम केल्यासारखे आम्ही पांढरे व्हायचो.

दुपारी ती परत आली, तर मामाच्या कॉलरवर पंप नव्हता. त्याच्या कपाटात, डब्याशेजारी घरघरत होता.

"मामा, हा इथे कसा?"

"भूक लागली असेल त्याला."

पुन्हा हशा.

"खोटे आकडे मी देणार नाही."

"मग चालती हो! माझं घर या दगडावर चालतं, तुझ्या पुस्तकांवर नाही."

ओफाचा चेहरा उतरला. मग ती आमच्या टोंगन भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तुझ्या बहिणीची मुलगी आहे. करवत बंद कर. आणि उद्या छाती तपासून घे."

हसणं थांबलं. बहिणीच्या लेकीचा शब्द मामानं मोडायचा नाही, अशी आमची रीत. तेविताच्या मुलीच्या लग्नात मानाच्या हातविणीच्या चटयांतल्या सगळ्यात भारी हिच्याच पुढे ठेवल्या होत्या. पण कामावर हा हक्क बजावलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेवितानं करवत बंद केली. "निर्लज्ज आहेस," एवढंच बोलला.

आम्हीही हात थांबवले. मालकानं ओफाला हाकललं, तेविताची मुकादमकी काढून घेतली. विद्यापीठानंही तिलाच झापलं: मामा तिथे आहे हे आधी का सांगितलं नाहीस? प्रात्यक्षिक पुन्हा कर.

तपासणीत तेविताच्या दोन्ही फुप्फुसांवर डाग निघाले.

रविवारी चर्चबाहेर मामी ओफाशी बोलायला थांबली. तेवितानं गाडीची काच खाली केली. "कशाला उभी राहतेस तिच्यापाशी? जिंकली ना ती! चल."

"पुढल्या महिन्यात परत तपासणी आहे, मामा," ओफा म्हणाली. "जायचं."

काच वर गेली.

तपासणीला तो गेला. तिच्याशी मात्र अजून बोलत नाही.