सातव्या खड्ड्यावरचा पट्टा

गाजराचं बी चिमटीत धरलं, तरी चिमूट रिकामीच वाटते.

*

वहिनीने औषधाच्या दुकानातून आणलेली पिशवी उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पिशवी परत बंद केली. 

*

माझ्या वहीतून : खड्डा ७. विहिरीपासून पूर्वेला एकशे दहा पावलं. वर दोन बोटं कोरडं. खाली निळसर, चिकट माती, कुजकट वास. बुजवलेली पाण्याची जुनी चारी असावी, तिरकी जाते. इथे वाफसा सगळ्यांत शेवटी येणार.

*

आमची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं म्हणणं : यंत्र आणि जावई दुसऱ्याच्या अंगणात उभे असले की चांगलेच दिसतात.

*

घरच्या माणसाने मारलेली खुंटी तपासायची नसते.

*

आम्ही पाच घरं यंत्रं सामायिक वापरतो. आमच्या घराचं शेत दादाचं आणि माझं. थंडी सरल्यावरच्या पेरणीसाठी रान तयार करायला यंदा एक नवं अवजार घ्यायचं होतं. एक तर रोटाव्हेटर, नाहीतर लवचीक फणांचा कल्टिव्हेटर आणि त्याच्या मागे जाळीचा रोलर. रोटाव्हेटर एका फेरीत मातीचं पीठ करतो. कल्टिव्हेटरला तीन फेऱ्या लागतात, पण माती दाणेदार राहते आणि खालची ओल खालीच राहते.

गेल्या वर्षी आम्ही रोटाव्हेटर मागून आणला होता. पेरणीनंतर पाऊस आला, त्या पिठाची पपडी झाली. मी एक तुकडा उचलून बघितला, तर खाली गाजराचे कोंब. पांढऱ्या दोऱ्यांसारखे, सगळे आडवे पडलेले. वर यायला वाट शोधत शोधत मेलेले.

तेव्हा बांधावर बसून दादाच म्हणाला होता, "पुढच्या वर्षी अवजार तू ठरवायचं. मी मध्ये तोंड घालणार नाही."

म्हणून मी हिवाळाभर खालच्या शेतात खड्डे घेतले. बावीस. प्रत्येक खड्डा पावलांनी मोजून वहीत लिहिला आणि बुजवला. माझं मत कल्टिव्हेटरला पडलं. शेवटचा झाल्यावर दादा म्हणाला, "आण ती वही. बघू तरी काय खरडलंयस."

मला बरं वाटलं. दोन दिवस वही त्याच्या उशाशी होती.

*

अवजार घेण्याआधी दोन्ही चालवून बघायची आमच्यात रीत आहे. ज्याचं शेत, त्याने पट्टे आखायचे. शेत आमचं होतं, त्यामुळे पट्टे दादाने आखले. मी सकाळपासून मिस्त्रीकडे फणांची खोली जुळवत होते. पोहोचले तोवर खुंट्या मारून, दोऱ्या ताणून झाल्या होत्या.

"माझा कुठला?"

"डावीकडचा."

दुसऱ्या कोणी आखला असता, तर मी चार ठिकाणी मूठभर माती दाबून बघितली असती. गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला असता. फुटला तर वाफसा, म्हणजे रान मशागतीला तयार; बसला तर अजून ओल. त्या दिवशी मी वाकलेसुद्धा नाही. वरून सगळं रान सारखंच कोरडं दिसत होतं.

"ट्रॅक्टर मिस्त्रीच चालवेल," दादा म्हणाला. "मी चालवला, तर लोक म्हणतील घरातल्या घरात झुकतं माप दिलं."

रोटाव्हेटर आधी गेला. मागे चादर अंथरल्यासारखी माती.

मग माझा कल्टिव्हेटर. पंधरा-वीस पावलं गेला आणि फणांमागून ढेकळं निघायला लागली. विटेएवढी. ओली, कापल्यासारखी चकचकीत.

शेजारचे मास्तर निवृत्तीनंतर शेती करतात, पण वर्ग अजून सुटलेला नाही. ते म्हणाले, "ताई, हे गाजरासाठी की घर बांधायला?"

"भाजून घ्या मास्तर," मिस्त्री ट्रॅक्टरवरून ओरडला, "यंदाच गोठा उभा राहील!"

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. दादा तेवढा हसला नाही. जवळ येऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं. वहीत आणि रानात फरक असतो."

मला ते पटलं. हे सांगायला जड जातं, पण पटलं. हिवाळाभर मी नुसती माती उकरत बसले, आणि माती ज्याला कळते तो शेजारी गप्प उभा होता, असं वाटलं. मास्तरांनी विचारलं, "रोटाव्हेटर कोणाकोणाला हवा?"

सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

*

सगळे गेल्यावर मी खुंट्या उपटायला गेले. पायाखाली एक ढेकूळ आलं. उचलून फोडलं, तर आत निळसर. नाकाशी धरलं.

तो वास मला माहीत होता.

विहिरीपाशी गेले, पूर्वेला तोंड केलं आणि चालत सुटले. एकशे आठ. एकशे नऊ. एकशे दहाव्या पावलाला मी माझ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये उभी होते.

म्हटलं, योगायोग असेल. एवढ्या शेतात कुठेतरी पट्टा पडणारच. मग खुंट्यांच्या रांगेकडे बघितलं. रोटाव्हेटरचा पट्टा बांधाला समांतर, सरळ, बाराव्या आणि तेराव्या खड्ड्यांवरून गेलेला. त्या दोन खड्ड्यांपुढे मीच लिहिलं होतं : सगळ्यांत आधी वाफसा. माझा पट्टा तिरका होता. बुजलेली चारी जशी जाते तसा, टोकापासून टोकापर्यंत. चुकून मारलेल्या खुंट्या अशा तिरक्या जात नाहीत.

*

दादा अवजारांच्या खोलीत पालथ्या क्रेटवर बसला होता. सदरा वर केलेला, पाठ भिंतीसारखी ताठ. वहिनी त्याच्या कंबरेला रुंद बेल्ट आवळत होती.

"माझा पट्टा तिरका का आखलास?"

"कुठला पट्टा?"

"दादा."

वहिनी म्हणाली, "सांगून टाका आता. मला हे रोजचं लपवणं होत नाही."

"तू जरा गप्प बस."

"तीन महिने झाले," वहिनी मला म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ट्रॅक्टरवर बसायचं नाही. मणका गेलाय. हे म्हणतात, कोणाला कळता कामा नये."

"एक फेरी मी कशीबशी मारीन," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "तीन नाही जमणार."

"मग मला सांगायचं. मी चालवला असता."

"तेच."

"तेच म्हणजे काय?"

"एकदा तू त्या सीटवर बसलीस, की मी उतरलोच समज."

"म्हणून माझ्याच वहीतून मला पाडायची जागा शोधलीस?"

त्याने सदरा खाली ओढला. मग म्हणाला, "वही चांगली होती गं. म्हणून तर जमलं."

आयुष्यात दादाने माझ्या कामाचं केलेलं हे एकमेव कौतुक.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या दारात गेले.

"काय ताई, विटा विकायला?"

काय सांगणार होते? माझा भाऊ खोटं वागला? मग ते विचारणार, तुमचा हात का वर गेला? मी म्हटलं, "सहज आले होते," आणि मागे वळले.

रोटाव्हेटर आला. दादाने खालच्या शेतात एकच फेरी मारली. उतरताना चाकाला धरून उभा राहिला आणि टायरमधली हवा बघितल्यासारखं केलं. मी पेरलं. सहाव्या दिवशी पाऊस झाला, नवव्या दिवशी पपडी. वहिनी आणि मी उकिडव्या बसून हाताने ओळी फोडत गेलो. निम्म्या ओळींपर्यंतच पोहोचलो. उरलेल्या ओळींखाली काय असेल ते मी उचलून बघितलं नाही. एकदा बघितलेलं पुरे होतं.

महिन्याने मी दादाकडे ट्रॅक्टरची किल्ली मागितली. त्याने ती माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो. तो विचारतो, "मीठ?" मी मीठ पुढे करते.

*

ट्रॅक्टर चालवायला मला दादानेच शिकवलं. मी बारा वर्षांची होते आणि माझा पाय क्लचपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून त्याने पेडलला लाकडाचा ठोकळा बांधून दिला होता.